उत्तर नॉर्वे मोटारहोमने: रात्र नसलेल्या दिवसांत रात्र पाळणे

नमस्कार. आपण पुण्याहून पाच जण, म्हणजे आपण दोघे, दोन मुले आणि आई, 18 ते 30 जून या काळात फिनलंडमधील रोवानिएमी येथे मोटारहोम, म्हणजे झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्याने घेणार आहात. नॉर्वेतील नॉर्डकॅपचा कडा, ट्रोम्सो शहर आणि लोफोटेन बेटे अशी फेरी या दिवसांत बसेल का, रात्री गाडी कुठे लावावी आणि मध्यरात्रीचा सूर्य नक्की दिसेल का, असे आपण विचारले आहे. मी स्वीडनमध्ये राहते आणि जूनअखेरीस या भागात आम्ही चार वेळा मोटारहोमने फिरलो आहोत. त्या अनुभवावरून सविस्तर लिहिते.

आधी मार्गाविषयी. आपली फेरी सुमारे 2,700 किलोमीटरची होते. नॉर्वेत गावाबाहेर वेगमर्यादा साधारणपणे ताशी 80 किलोमीटर असते आणि किनाऱ्यालगतच्या वळणावळणाच्या रस्त्यांवर तोही वेग गाठता येत नाही, त्यामुळे 300 किलोमीटर म्हणजे अख्खा दिवस गेला असे धरावे. नॉर्डकॅप या खेपेस सोडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. 71 अंश उत्तरेवरचा, समुद्रापासून 307 मीटर उंच असलेला तो कडा भव्यच आहे, पण तिथे धुके एकदा बसले की हाताच्या अंतरावरचे दिसत नाही आणि मग दोन-तीन दिवसांचा प्रवास पाण्यात जातो. त्याऐवजी रोवानिएमीहून स्वीडनमधील किरुना व अबिस्को आणि नॉर्वेतील नार्विकमार्गे लोफोटेनला जावे आणि परतताना ट्रोम्सो पाहून फिनलंडच्या सीमेवरील किल्पिस्यार्वीमार्गे उतरावे. ही फेरी 2,000 किलोमीटरच्या आसपास बसते आणि लोफोटेनला चार मुक्काम सहज मिळतात.

आता ज्या गोष्टीचा आपल्या प्रश्नात उल्लेख नाही, पण जिच्यावर सारा प्रवास अवलंबून आहे, ती म्हणजे झोप. पहिल्या खेपेस आम्ही उजेड आहे म्हणून चालत राहिलो. मुले हुशारीत होती, आम्हालाही थकवा जाणवत नव्हता, आणि संध्याकाळचे आठ-नऊ वाजले असतील अशा समजुतीने मी घड्याळ पाहिले तेव्हा पावणेदोन झाले होते. त्यानंतर दहा मिनिटांतच यजमानांचा डोळा क्षणभर लागला आणि गाडी रस्त्याच्या कडेच्या खडीवर उतरली. चाकांखालच्या खडीच्या आवाजाने ते दचकून जागे झाले, म्हणून आम्ही बचावलो. समोर साठ-सत्तर पावलांवर रेनडियरची मादी आणि तिचे पाडस रस्त्याच्या मधोमध उभे होते. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे की रात्री आठनंतर गाडीची किल्ली खणात जाते, मग बाहेर कितीही लख्ख ऊन असो.

दहा वाजता पडदे लावायचे, दात घासायचे, आवाज कमी करायचा, असा घरचाच क्रम तिथेही पाळावा, कारण अंधार शरीराला जे सांगतो ते तिथे आपल्यालाच सांगावे लागते. मोटारहोमच्या खिडक्यांना बंदिस्त पडदे असतात, मात्र छतावरच्या झरोक्यांतून उजेड गळतो आणि पहाटे त्याची पट्टी नेमकी उशीवर येते. जाड काळे कापड, चिकटपट्टी आणि प्रत्येकासाठी डोळ्यांवरची पट्टी घरूनच न्यावी. गाडी लावतानाही दिशेचा विचार करावा. मध्यरात्री सूर्य उत्तरेला असतो, म्हणून उत्तरेकडे टेकडी किंवा झाडी असलेली जागा निवडली आणि झोपण्याची बाजू दक्षिणेकडे ठेवली, तर पुष्कळ फरक पडतो.

गाडी रात्री कुठेही लावता येते, असा अनेकांचा समज असतो आणि तो चुकीचा आहे. नॉर्वेत 1957 च्या कायद्याने सर्वांना मोकळ्या निसर्गात वावरण्याचा हक्क दिला आहे आणि राहत्या घरापासून 150 मीटर दूर तंबू ठोकता येतो, परंतु तो हक्क पायी हिंडणाऱ्याचा आहे, गाडीचा नाही. रस्ता सोडून माळावर किंवा गवतावर गाडी घालण्यास कायद्याने मनाई आहे. लोफोटेनच्या अरुंद किनाऱ्यावर गाड्यांची इतकी गर्दी होते की बऱ्याच ठिकाणी रात्री थांबण्यास बंदीचे फलक लागले आहेत, आणि तिथल्या लोकांचा त्रास पाहिला की ते योग्यच वाटते. आपल्यासोबत वयस्क आई आहेत, तेव्हा एक दिवसाआड रीतसर कॅम्पिंगच्या जागी मुक्काम करावा. तिथे गरम पाण्याची अंघोळ होते, कपडे धुता येतात, वीज जोडता येते आणि शौचालयाची टाकीही रिकामी करता येते. पाच जणांत ती टाकी दोन दिवसांत भरते. ती नेमून दिलेल्या जागीच रिकामी करावी.

सणाच्या तारखा मात्र आधी पाहून ठेवाव्यात. 19 ते 25 जूनदरम्यानच्या शुक्रवारी स्वीडन आणि फिनलंडमध्ये मध्यग्रीष्माचा सण सुरू होतो. तो तिथे आपल्या दिवाळीइतका घरचा सण असतो. लोक गावी, तळ्याकाठच्या लाकडी घरांत जातात, दुकाने लवकर बंद होतात आणि लहान गावांत चिटपाखरूही दिसत नाही. दूध, भाज्या, डिझेल सारे गुरुवारीच भरून घ्यावे. नॉर्वेत 23 जूनच्या संध्याकाळी किनाऱ्यावर शेकोट्या पेटवतात. त्या दिवशी तिथे असाल तर मुलांना अवश्य न्यावे. उन्हात पेटलेली होळी आपल्याकडे पाहायला मिळत नाही.

स्वयंपाकासाठी डाळ, तांदूळ, पोहे, भाजणी आणि मसाले न्यावेत, छोटा कुकर न्यावा, आणि फोडणी देताना छताचा झरोका उघडा ठेवावा, नाहीतर वास पुढचे आठ दिवस अंथरुणात राहतो. सिलिंडर रोवानिएमीतच भरलेला घ्यावा, कारण एका देशाचा सिलिंडर दुसऱ्या देशात बदलून मिळेलच असे नाही.

गाडी चालवताना लक्षात ठेवावे की तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने जायचे आहे. एकाच गाडीपुरत्या अरुंद रस्त्यांवर 'एम' अक्षराचे निळे फलक असलेल्या रुंद जागा असतात. तिथे थांबून समोरच्याला आणि मागून येणाऱ्या स्थानिकांना वाट द्यावी. फिनलंडच्या उत्तरेत डास आणि बारीक चावरी चिलटे जूनअखेरीस उसळतात आणि त्यांच्या त्रासाने रेनडियर वारा लागावा म्हणून रस्त्यावर येऊन उभे राहतात. प्रत्येक रेनडियर कोणाच्या तरी मालकीचा असतो. फिनलंडमध्ये धक्का लागलाच तर 112 वर कळवावे लागते.

राहिला मध्यरात्रीचा सूर्य. लोफोटेनमध्ये मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत तो मावळत नाही, पण खालच्या दक्षिण किनाऱ्यावरील स्वोल्व्हॅरसारख्या गावांतून डोंगराआड गेल्यामुळे तो दिसत नाही. त्यासाठी उत्तरेला तोंड असलेला किनारा हवा, जसे एगुम किंवा उटाक्लाइव्ह. शिवाय घड्याळातील बारा ही त्याची वेळ नव्हे. उन्हाळी वेळेमुळे तिथे सूर्य सर्वांत खाली येतो तो रात्री एकच्या सुमारास, आणि 21 जूनलाही तो क्षितिजापासून जेमतेम दीड-दोन अंश वर असतो, म्हणून ढगांची बारीक पट्टीही त्याला झाकते. चारपैकी आकाश निरभ्र असेल ती एक रात्र निवडून त्या दिवशी दुपारी सर्वांनी झोपून घ्यावे.

एगुमला आईंसाठी घडीची खुर्ची, कानटोपी आणि थर्मासमध्ये आल्याचा चहा जरूर न्या. जूनमध्येही वाऱ्याला बोचरी थंडी असते. वाटेत गावांजवळ कॉड मासा वाळवण्याचे लाकडी सांगाडे दिसतील, अगदी वर्सोव्याच्या बोंबलांच्या वलांडीसारखे, फक्त दुमजली घराएवढे उंच. तोवर बहुतेक मासे उतरवलेले असतात, पण वास मागे उरलेला असतो, आणि आमच्या सासूबाईंनी त्या वासावरूनच गाडी थांबवायला लावून तासभर तिथल्या कोळणीशी हातवाऱ्यांनी गप्पा मारल्या होत्या. तेवढा वेळ हाताशी ठेवा.