शब्दचर्चा : 'टाउनलँड'ला 'नगरभूमी' म्हणावं का?

प्रश्न असा : आयर्लंडमधल्या एका शेतकरी कुटुंबाच्या हकिकतीचं भाषांतर चालू आहे, त्यात 'टाउनलँड' शब्द पानोपानी येतो. त्याला 'नगरभूमी' चालेल का?

नाही. टाउनलँडमध्ये नगर सोडाच, कधीकधी एक घरसुद्धा नसतं. ती जमिनीची नाव आणि हद्द असलेली सर्वांत लहान वाटणी. देशभरात अशा 60,000हून जास्त, सरासरी सव्वातीनशे एकरांच्या. कित्येक नावांच्या आरंभी येणारं 'बॅली' म्हणजे आयरिश 'बाल्ये', अर्थात ठिकाण, वस्ती. उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात 'बॅलिबो' असं मापच होतं, त्यातला 'बो' म्हणजे गाय. जमीन किती, यापेक्षा ती किती गुरं पोसते ते महत्त्वाचं. आपल्याकडे 'पायलीभर बियाण्याचं शेत' म्हणतात, तीच नजर. म्हणूनच कसदार जमिनीचं टाउनलँड आटोपशीर आणि दलदलीचं ऐसपैस असतं. 1824 पासून सरकारी मोजणी झाली, तेव्हा या जुन्या हद्दी नकाशावर आल्या.

माझी पसंती 'मौजा'ला. खरेदीखतात आपण 'मौजे अमुक, तालुका तमुक' लिहितो, ते घरांच्या पुंजक्याला नव्हे, शिवारासकट हद्दीला. 'वाडी' किंवा 'पाडा' म्हटलं की घरं डोळ्यांपुढे येतात, म्हणून ते नकोत. फरक एवढाच की मौजाला पाटील-कुलकर्णी होते, टाउनलँडला स्वतःचा कारभार नव्हता. पहिल्यांदा 'टाउनलँड' लिहून एका ओळीत हे सांगा, पुढे 'मौजा' वापरा.

या शब्दाचा आणखी एक फायदा आहे. रॉसकॉमन परगण्यातलं बॅलिकिलक्लाइन घ्या. जमीन ब्रिटिश राजसत्तेची. कुळांनी 1830च्या दशकात खंड द्यायचं थांबवलं. बटाट्याच्या महादुष्काळात, 1847-48 साली, सरकारने त्यांना जमिनीवरून उठवलं आणि जहाजाचं भाडं भरून न्यूयॉर्कला धाडलं. माणसं गेली, पण नाव आणि हद्द राहिली. अशा जागेला आपल्या महसुली दप्तरात नेमका शब्द आहे : बेचिराख मौजा. मूळ फारसी 'बेचिराग', म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. जळून राख झाल्याचा अर्थ त्याला नंतर चिकटला. भाषांतरात तो घेणार असाल तर 'बेचिराग' असंच लिहा, नाहीतर वाचक आग शोधत बसेल.