लहानपणी काय पाहिलं की माणूस बाहुल्यांच्या खेळाकडे वळतो?

तुम्ही विचारलंय की बाहुल्यांचे खेळ करणाऱ्यांच्या मनात ही आवड लहानपणी कशामुळे रुजते. मी सांगलीचा, आसपासच्या शाळांमधून बाहुल्यांचे खेळ करतो. माझ्यापुरतं सांगतो.

बरेच जण अर्धवटरावांचं नाव घेतील, आणि ते रास्तच आहे. यशवंत पाध्ये यांचा हा बोलका बाहुला रामदास पाध्ये यांनी घराघरांत नेला. आम्ही पोरं टीव्हीसमोरून हलायचो नाही. पण त्याला पाहून हसलेल्या सगळ्यांनी काही बाहुल्या हातात घेतल्या नाहीत. मला वाटतं, खेळाची मागची बाजू ज्याला लहान वयात बघायला मिळते, तो यात अडकतो.

मला ती गणपतीत बघायला मिळाली. आमच्या गल्लीचं मंडळ हलता देखावा करायचं. पडद्यामागं पोरांना मज्जाव, पण मोटर बसवणारे काका मला पक्कड धरायला सोबत घ्यायचे. मोटरच्या चाकावर कडेला एक खिळा, खिळ्याला तार, आणि ती तार कप्पीवरून राक्षसाच्या कोपरापर्यंत गेलेली. चाक फिरलं की बाहेर राक्षस गदा उगारायचा. एका संध्याकाळी काकांनी ती तार बोटभर आखूड केली. हात खाली येईचना, वरच्या वर हलायला लागला, आणि मारायला निघालेला राक्षस एकदम कुणाला तरी हाक मारतोय असं दिसायला लागलं! मी बाहेर जाऊन बघायचो, पुन्हा आत येऊन तार बघायचो. तारेच्या लांबीत राग असतो आणि गयावयाही असते, हे तेव्हा कळलं.

बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या सणाला, करायचे मातीचे बैल हीसुद्धा शाळाच. आजी म्हणायची, मान खाली घातलीस तर बैल दमलेला, वर काढलीस तर मारका. आज मुलांना हातमोज्याची बाहुली शिकवतो तेव्हा हेच उपयोगी पडतं. तर्जनी डोक्यात, अंगठा आणि मधलं बोट दोन हातांत. मुलं लगेच हात नाचवायला लागतात. मी त्यांना आधी फक्त तर्जनी हळू वाकवायला सांगतो. मान झुकते, बाहुली विचारात पडते, आणि अख्खा वर्ग गप्प होतो.

सांगलीत वाढलेल्याला विष्णुदास भाव्यांचं नाव चुकत नाही. 1843 साली त्यांनी इथं ‘सीतास्वयंवर’ हे नाटक केलं, हे शाळेतच कानावर पडतं. त्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या आणि रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा खेळत्या केल्या, हे मात्र मला फार उशिरा समजलं. आपल्याच गावातल्या माणसानं हे काम केलंय म्हटल्यावर घरच्यांना पटवणंही सोपं गेलं.

घरातच ही कला असेल तर गोष्टच वेगळी. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाची मुलं कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथीत, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याच्या कलेत, वाढतात. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. त्यांनी घरच्या गोठ्यातच संग्रहालय उभं केलं.

तुमच्या घरात कुणाला ही आवड लागलीशी वाटत असेल, तर गणपतीच्या आधी आठवडाभर त्याला एखाद्या मंडळाच्या मांडवात घेऊन जा. तारा जोडायचं काम तेव्हा चालू असतं आणि पडदाही लागलेला नसतो.