सर्व्हिसआधीचा खांदा, गुडघा आणि टॉस

वय ४२, आठवड्यातून तीनदा टेनिस. तासाभराने सर्व्हिस करताना खांदा पुढून दुखतो. खांद्याचे व्यायाम वाढवू का? (नेरूळ)

आधी गुडघे बघा. सर्व्हिसचा साधारण निम्मा जोर पाय आणि धड देतात. पाय जमीन रेटतात, धड वर उसळतं, हात मागे राहतो आणि रॅकेट पाठीमागे पडते. तेव्हा दंड बाहेरच्या बाजूला जवळपास १७० अंश फिरलेला असतो (यात पाठीच्या कण्याचा आणि खांद्याच्या पात्याचाही वाटा आला). छातीचे स्नायू आणि सबस्कॅप्युलरिस (खांद्याच्या पात्याच्या आतल्या बाजूचा स्नायू) इथे रबरासारखे ताणले जातात, मग सुटतात. गुडघे ताठ असतील तर हा ताण फुकटात मिळत नाही; हाताला तो ओढून आणावा लागतो, आणि बिल खांद्याच्या नावावर फाटतं.

मोबाइलवर बाजूने स्लो मोशन घ्या. टॉसचा, म्हणजे सर्व्हिससाठी चेंडू वर उडवणारा हात पूर्ण वर असतानाची फ्रेम थांबवा. पुढचा गुडघा स्पष्ट वाकलेला हवा, रॅकेटकडचा खांदा दुसऱ्यापेक्षा खाली, कोपर दोन्ही खांद्यांच्या रेषेत. कोपर त्या रेषेच्या मागे गेलं असेल तर सांध्याचा पुढचा भाग ताणला जातो. तुमचं दुखणं बहुधा तिथलंच. रात्री झोपेतही ठणकत असेल तर सर्व्हिस बंद ठेवून ऑर्थोपेडिकला दाखवा.

मुलगी १३ वर्षांची, उजव्या हाताने खेळते. टॉस सारखा डोक्यामागे जातो. (ऐरोली)

चेंडू तळहातात नको, बोटांच्या पेरांवर धरू दे. कोपर आणि मनगट न वाकवता हात खांद्यातून उचलायचा, चेंडू डोळ्यांच्या उंचीला सोडायचा. मनगटाचा झटका बसला की चेंडू भरकटतो. सरावात तो न मारता खाली पडू द्या: पुढच्या पायाच्या फूटभर पुढे, किंचित उजवीकडे पडायला हवा. मागे गेलेल्या टॉससाठी कंबर मागे मोडते, आणि वाढत्या वयात हे रोज घडलं तर मणक्याला बारीक तडा जाऊ शकतो. मागे वाकताना कंबर दुखते म्हणाली, तर ‘वाढीचं दुखणं’ म्हणून सोडून देऊ नका.

कोर्टाचा स्लॉट सकाळी ६ चा, वॉर्मअपला पाच मिनिटंच. (घोडबंदर रोड, ठाणे)

दोन मिनिटं जॉगिंग. मग कोपर बरगडीला चिकटवून रबर बँड बाहेर ओढणं, १५ वेळा. पहिल्या दहा सर्व्हिस निम्म्या वेगाने. पावसाळ्यात भिजलेले चेंडू बाजूला काढा, ते जड होतात. घामट ओव्हरग्रिपही (रॅकेटच्या मुठीवर गुंडाळलेली पट्टी) बदला. हात निसटतोय म्हटलं की मूठ आवळली जाते आणि मनगट आखडतं.