ऑपरेशननंतर मुलगा सिस्टर दिसली की किंचाळतो, आमच्याशीही बोलत नाही. आम्ही काय करावं?

तुम्ही लिहिलंय, चार वर्षांच्या मुलाचं पोटाचं ऑपरेशन होऊन आठवडा झालाय आणि आता तो तुमच्याकडेही पाठ करून झोपतो. मी डॉक्टर नाही. माझ्या पाच वर्षांच्या मुलीचं अपेंडिक्स फुटलं होतं, तेव्हा आम्ही १६ दिवस वॉर्डात काढले. त्यातलं सांगतो.

पाठ करण्याचंच आधी. आमच्याकडेही हे झालं आणि त्याला कारण मी होतो. सलाईनची सुई बदलायची होती. ‘काही नाही गं, मुंगी चावल्यासारखं’ असं म्हणून मी तिचे हात दाबून धरले. नस सापडेपर्यंत तीनदा टोचावं लागलं. पुढचे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. टोचणाऱ्या सिस्टरवर तिचा राग नव्हता, माझ्यावर होता.

रात्रपाळीच्या एका वयस्कर सिस्टरनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की पोरीला आडवं पाडून धरू नका. छातीशी कवटाळून मांडीवर बसवा, टोचायचा हात तेवढा बाहेर काढा. आडवं पाडलं की मूल जास्त बिथरतं. टाक्यांवर दाब येणार नाही असं कसं बसवायचं, ते तुमच्या सिस्टरना विचारून घ्या. कातडी बधिर करणारं क्रीमही असतं, पण ते साधारण तासभर आधी लावावं लागतं, म्हणून सकाळीच विचारून ठेवायचं. आणि दुखणार असेल तर ‘दुखेल’ म्हणायचं. मी म्हणू लागलो, ‘टोचेल, दुखेल, मोठ्याने रड, फक्त हात हलवू नकोस.’ पहिल्या दिवशी काहीच फरक पडला नाही. चौथ्या-पाचव्या वेळी तिने स्वतःहून हात पुढे केला, अर्थात भोकाड पसरूनच.

डावा हात की उजवा, चिकटपट्टी तू काढतेस की सिस्टर काढू दे, हे तिला ठरवू द्यायचो. ‘सुई टोचू या का?’ असं मात्र विचारू नका. नाही म्हटलं तरी टोचणारच असाल, तर तो प्रश्न म्हणजे फसवणूकच.

एका रात्री तिने विचारलं, ‘मी ऐकलं नाही म्हणून पोट फुटलं का?’ या वयात आजार म्हणजे शिक्षा असं मुलांना सहज वाटतं. तुमच्या मुलाने विचारलं नसेल तरी सांगून टाका, की हे तुझ्यामुळे झालेलं नाही. ‘रडलास तर सिस्टर सुई देईल’ असं म्हणणाऱ्या पाहुण्यांना बाहेर चहाला न्या.

दुखण्याबद्दल एक. मूल गप्प पडून आहे म्हणजे दुखत नाही असं नसतं. हललं की दुखतं म्हणूनही ते निपचित पडतं. हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता वॉर्डात असतो, त्यावर बोट ठेवायला सांगा. दुखणं अंगावर चढेपर्यंत थांबण्याऐवजी औषध ठरल्या वेळी देता येईल का, तेही विचारा. आतडी पुन्हा कामाला लागावीत म्हणून डॉक्टर चालायला लावतात. दुखण्याचं औषध लागू पडलं की मगच आम्ही तिला चालवायचो. सलाईनचा स्टँड तीच ढकलायची.

‘उद्या घरी’ असं कधीही सांगू नका. आमच्याकडे सातव्या दिवशी पुन्हा ताप आला, सोनोग्राफीत पोटात पू साचलेला दिसला आणि मुक्काम वाढला. मी शब्द देऊन बसलो होतो.

घरी गेल्यावर कदाचित अंथरूण ओलं होईल, तो बोबडं बोलेल, बाथरूमपर्यंत मागे येईल. रागावू नका, बहुतेक वेळा काही आठवड्यांत हे ओसरतं. महिना-दोन महिने उलटूनही झोप उडालेलीच असेल किंवा खेळणं बंदच असेल, तर बालरोगतज्ज्ञांना सांगा.

तुम्ही दोघे रोज रात्री तिथेच बसता, असंही लिहिलंय. तसं करू नका. आम्ही केलं आणि दहाव्या दिवशी तिच्या उशाशीच कडाकडा भांडलो. एकाने घरी जाऊन झोपायचं, दुसऱ्याने डॉक्टर काय म्हणाले ते वहीत लिहून ठेवायचं. आज कोण घरी जाणार, ते आत्ताच ठरवा.