वाचक विचारतात : पणजी आणि मोले, दोन दिवसांत

प्रश्न : डिसेंबरमध्ये बेळगावहून ताई, भावोजी, सात वर्षांचा भाचा आणि गुडघेदुखी असलेल्या मावशी स्वतःच्या गाडीने येत आहेत. दोन दिवसांत पणजी आणि मोलेचे अभयारण्य जमेल का? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : जमेल, पण क्रम उलटा ठेवा. अनमोड घाट उतरला की आधी मोलेच लागते. पणजी गाठून पुन्हा साठ-एक किलोमीटर मागे कशाला यायचे? त्यांना पहाटे निघायला सांगा, तुम्ही मोलेजवळच्या कुळे गावात भेटा.

अभयारण्यातल्या दूधसागर धबधब्याकडे जाणाऱ्या जीप कुळ्याहून सुटतात. एका जीपमध्ये सात जण बसतात. माणसे कमी असली की जागा भरेपर्यंत थांबावे लागते, नाहीतर रिकाम्या जागांचे पैसे भरावे लागतात. शनिवार-रविवारी उशिरा पोचलात तर त्या दिवशीच्या जीप संपलेल्या असतात. वाट ओढ्यांतून आणि दगडधोंड्यांतून जाते, उतरल्यावरही खडकांवरून चालायचे असते. मावशींना नेऊ नका. त्यांच्यासाठी तांबडी सुर्लाचे कदंबकालीन महादेव मंदिर बरे. गाडी जवळपर्यंत जाते. धबधब्याच्या पाण्यात उतरायचे असेल तर लाइफ जॅकेट घालावेच लागते. धबधब्यापर्यंत रेल्वेरुळावरून चालत जाण्यास बंदी आहे, कोणी कितीही आग्रह केला तरी.

रात्री पणजीत मुक्काम. सकाळी ऊन चढण्याआधी फोंतेन्हास ही पोर्तुगीज धाटणीच्या घरांची जुनी वस्ती पायी फिरा, मग जुने गोवे. तिथे रविवार मात्र टाळा, सकाळी चर्चमध्ये प्रार्थना चालू असतात.