धमकी दिलेली नाही, मग भीती कशाची?

प्रश्न : ताई, सात महिन्यांपूर्वी मी आमचं नातं संपवलं. त्याला तसं स्पष्ट सांगितलं. तरी तो थांबत नाही. नंबर ब्लॉक केला की नव्या नंबरावरून फोन. तेही बंद केले, तर माझ्या बँक खात्यात क्षुल्लक रक्कम टाकून सोबत निरोप लिहितो, 'झोपलीस का?' मी नोकरी बदलली, घराबाहेर कुणाला बोलले नव्हते. पहिल्याच दिवशी तो नव्या ऑफिसच्या लिफ्टपाशी उभा. हसला आणि निघून गेला. त्याने कधी धमकी दिली नाही, हात उचलला नाही. आई म्हणते, दुर्लक्ष कर, दमेल आपोआप. मीच बाऊ करतेय का? परवा निरोप आला, 'अठरा तारखेला एकदाच भेट, मग सगळं संपवतो.' वाटतं, भेटून मोकळं व्हावं.
– एक वाचक

उत्तर : भेटू नका. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

तुम्ही बाऊ करत नाही आहात. बऱ्याच वर्षांपूर्वी एक मुलगी अशीच माझ्यासमोर बसली होती. मी विचारलं, "धमकी दिली का त्याने?" ती म्हणाली, "नाही." मी वही मिटली. पुढच्याच आठवड्यात तो तिच्या जिन्यात उभा होता, हातात तिच्या घराची किल्ली. शेजारचं दार उघडलं म्हणून ती वाचली. तेव्हापासून तो प्रश्न मी पहिला विचारत नाही. पहिला प्रश्न असतो, "गेल्या महिन्यापेक्षा या महिन्यात काय वेगळं आहे?"

तुमच्या पत्रात हे वेगळेपण उघड दिसतं. आधी फोन, मग बँकेची वाट, मग तो स्वतः. एकेक गोष्ट सुटी सांगितली तर ऐकणारा म्हणेल, "हसला तर हसला, त्यात काय?" एका ओळीत मांडा, म्हणजे कळेल की प्रत्येक बंद दारानंतर तो पुढचं दार शोधतोय. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००४ साली दाखवलं की नकोसा ससेमिरा दोन आठवड्यांच्या पुढे गेला, की तो बहुधा काही महिने तरी चालतो. तुमचे सात महिने झालेत. आईंचा 'दमेल' हा भरवसा इथे धरू नका.

पिच्छा पुरवणारा पूर्वीचा जोडीदार असेल, तर हिंसेचा धोका अनोळखी माणसापेक्षा जास्त असतो, धमकी नसली तरी. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्त्रियांच्या ३५८ खुनांची प्रकरणं तपासली गेली. त्यांतल्या ९४ टक्क्यांत आधी पाठलागाचं वर्तन दिसलं. याचा अर्थ प्रत्येक पाठलाग तिथवर जातो असा मुळीच नाही. पण अशा वागण्याला 'प्रेमात वेडा झालाय' म्हणून सोडून देता येत नाही.

सगळ्यात जास्त काळजी मला शेवटच्या निरोपाची वाटते. 'एकदाच', ठरलेली तारीख आणि 'सगळं संपवतो'. तो काय संपवणार, स्वतःला, तुम्हाला की हा नाद, ते या शब्दांवरून ठरवता येत नाही आणि ठरवत बसूही नका. आपल्यापुढे आता दुसरा मार्ग उरला नाही असं माणसाला वाटू लागतं, तेव्हा धोका वाढतो. त्याने मरणाची भाषा केली, त्याची नोकरी गेली, हत्यार जवळ बाळगल्याचं कानावर आलं, तुमचं नवं नातं त्याला कळलं, तर ते त्याच दिवशी पोलिसांना कळवा.

आणि नव्या ऑफिसचा पत्ता त्याला कळला कसा? फोनमधलं लोकेशन शेअरिंग, जुन्या सामायिक खात्यांचे पासवर्ड, पर्स आणि गाडीत लपवलेला एखादा ट्रॅकर, सगळं तपासून घ्या. फोनमध्ये पाळत ठेवणारं ॲप असल्याचा संशय असेल, तर ते घाईने काढू नका. त्याला सुगावा लागतो, पुरावाही जातो. तोवर मदतीसाठी बोलणं दुसऱ्याच्या फोनवरून करा.

निरोप पुसू नका. बँकेच्या नोंदींचे स्क्रीनशॉट ठेवा. वहीत तारीख, वेळ, जागा, कोण साक्षीला होतं, एवढं लिहा. उत्तर मात्र एकालाही देऊ नका, रागाचंसुद्धा नाही. चाळिसाव्या फोनला उत्तर मिळालं, तर चाळीस फोन करावे लागतात एवढंच तो शिकतो. भावाला 'समजवायला' पाठवू नका. ऑफिसच्या सुरक्षारक्षकाला त्याचा फोटो द्या. तुमचा पत्ता कुणाला सांगायचा नाही, हे मैत्रिणींना बजावून ठेवा.

पोलिसांकडे वही घेऊनच जा आणि तो शेवटचा निरोप आधी दाखवा. तक्रार झाल्याचं त्याला कळेल ते दिवस जपण्याचे असतात, तेव्हा कुठे राहायचं ते आधीच ठरवा. अठरा तारखेची वाट पाहू नका, आजच जा. त्या दिवशी एकट्या राहू नका, नेहमीच्या वाटेने जाऊ नका. आणि हे पत्र आईंना वाचून दाखवा. पोलीस ठाण्यात त्या सोबत आल्या तर बरं होईल.