आतलं पॅड संपलं, बाहेरचं अर्धं शिल्लक: आधी गाइड पिन बघा

पुढच्या डाव्या चाकातून ब्रेक दाबताना खरखर येते, चाक काढल्यावर आतलं पॅड झिजून मागच्या पत्र्यापर्यंत आलेलं दिसलं आणि बाहेरचं अजून अर्धं शिल्लक आहे. तेवढ्या एका बाजूचे पॅड घरी बदलले तर चालतील का, हा तुमचा प्रश्न. घरी जरूर बदला, पण पुढच्या दोन्ही चाकांचे मिळून चारही पॅड एकदम बदला. एकीकडे नवे आणि एकीकडे जुने असले की जोरात ब्रेक लावताना गाडी एका अंगाला ओढू शकते.

मात्र तुम्ही जे पाहिलंत त्यात पॅड जुने झाल्यापेक्षा मोठी गोष्ट आहे. चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला (चकतीला) दोन्ही बाजूंनी पॅडने पकडतो तो कॅलिपर. बहुतेक गाड्यांच्या पुढच्या कॅलिपरमध्ये पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतलं पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच जोराने अख्खा कॅलिपर दोन गाइड पिनांवर सरकून बाहेरचं पॅड ओढून घेतो. पिन गंजून किंवा ग्रीस सुकून अडकली की कॅलिपर सरकत नाही आणि सगळा भार आतल्या पॅडवर येतो. पिस्टन नीट मागे जात नसेल तरी आतलंच पॅड घासत राहतं. हे न बघता नवे पॅड बसवलेत तर तेही असेच एकीकडून झिजतील.

गाडी सपाट, पक्क्या जागेवर घ्या, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना अडण लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग जॅक, आणि जॅकनंतर स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीशी काम करायचं नाही, यात तडजोड नको. एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे क्लिप कुठली कुठे हे अडलं तर दुसरी बाजू बघता येते. ब्रेकची धूळ फुंकून उडवू नका, ब्रेक क्लीनर मारून ओल्या फडक्याने पुसा.

खालचा बोल्ट काढला की बऱ्याच गाड्यांत कॅलिपर वर उचलता येतो. पूर्ण सुटा करावा लागला तर तारेने स्प्रिंगला बांधा, होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळत ठेवू नका. पिस्टन मागे ढकलण्याआधी ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडा. मधे कोणी ऑइल भरलं असेल तर ते वर चढून सांडतं आणि रंग खातं. सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. जुनं पॅड पिस्टनवर आडवं धरून सी-क्लॅम्प हळूहळू आवळा. पिस्टन सारख्या जोराने मागे गेला पाहिजे. हटत नसेल, किंवा त्याचा रबरी बूट (धूळ अडवणारं आवरण) फाटलेला असेल, तर तिथेच थांबा. कॅलिपर दुरुस्त झाल्याशिवाय नवे पॅड घालण्यात अर्थ नाही.

आता पिना. बूटमधून ओढून बाहेर काढा. चांगली पिन बोटाच्या जोराने येते. अडकलेली फिरवत, हिसके देत काढावी लागते आणि तिच्यावर तपकिरी, चिकट थर दिसतो. तो पूर्ण पुसा. पिनेवर गंजाचे खड्डे पडले असतील तर नवी घाला. ग्रीस ब्रेकसाठीचं सिलिकॉनचंच वापरा. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. काही गाड्यांत वरची आणि खालची पिन वेगळी असते, अदलाबदल करू नका. पॅड ज्या खाचेत बसतं तिथला गंजही वायर ब्रशने घासा. पॅड हाताने आत सरकलं पाहिजे, हातोडीने ठोकावं लागत असेल तर गंज अजून शिल्लक आहे.

डिस्कही तपासा. पत्रा घासला असेल तर नखाला लागतील अशा खोल चरा पडतात. किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. त्याखाली गेली असेल तर डिस्क बदला, आणि तीही जोडीनेच. पॅड साधारण ३ मिमी उरले की बदलायचे, म्हणजे डिस्कपर्यंत हे पोचत नाही.

मागच्या चाकांना हीच रीत आंधळेपणाने लावू नका. तिथे हँडब्रेक कॅलिपरमध्येच असेल तर पिस्टन अनेकदा फिरवत आत घालावा लागतो, आणि इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर आधी तो सर्व्हिस मोडमध्ये (पॅड बदलण्यासाठी पिस्टन मोकळा करणाऱ्या सेटिंगमध्ये) टाकावा लागतो.

सगळे बोल्ट गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच (दिलेल्या आवळण्याच्या जोरानेच) आवळा. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पुन्हापुन्हा दाबा. पिस्टन मागे गेलेला असतो, त्यामुळे पहिल्या काही दाबांत पेडल थेट खाली जातं आणि ब्रेक लागतच नाही. मग ऑइलची पातळी बघा. पॅडच्या खोक्यावर वेगळं काही दिलं नसेल तर मोकळ्या रस्त्यावर ५० च्या वेगावरून १० पर्यंत सावकाश ब्रेक लावा, मधे डिस्क थंड होऊ द्या, असं आठ-दहा वेळा करा. परत आल्यावर दोन्ही चाकांजवळ हात नेऊन ऊब ताडून बघा, डिस्कला स्पर्श करू नका. डावं चाक स्पष्टपणे जास्त तापलेलं वाटलं तर पिन किंवा पिस्टन अजून अडकतोय, ती बाजू पुन्हा उघडा.